पेन्सिलचे रेखाटन जलरंगाच्या कागदावर उतरवताना: कामाच्या नोंदी

६ जानेवारी

गेल्या महिन्यात बाबा आरामखुर्चीत डुलकी घेत असताना तीन दुपारी मिळून मी त्यांच्या चेहऱ्याचे एक रेखाटन पूर्ण केले. ते ए-४ आकाराच्या साध्या कागदावर एचबी आणि तिच्याहून मऊ २बी पेन्सिलने केले आहे. मान किंचित कललेली, खालचा ओठ सैल पडलेला, चार दिवसांची दाढी वाढलेली आणि चष्मा काढल्यामुळे नाकावर उरलेले दोन लहानसे खळगे, एवढे सगळे त्यात मनासारखे साधले आहे, आणि ते पुन्हा असेच साधेल याची मला खात्री नाही. या रेखाटनावरून जलरंगात मोठे चित्र करायचे आहे. त्यासाठी मी स्वतःला दोन अटी घातल्या आहेत. मूळ रेखाटनावर एकही रेघ गिरवायची नाही, आणि चेहऱ्याचे साम्य कागद बदलताना हरवू द्यायचे नाही.

कागद ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा, पूर्ण सुती आणि कोल्ड प्रेस्ड म्हणजे मध्यम पोताचा घेतला आहे. ५६ × ७६ सेंटीमीटरचे दोन पूर्ण ताव होते. ते मधोमध कापून ३८ × ५६ सेंटीमीटरचे चार अर्धे ताव केले, आणि त्यातला पहिला आजच वाया गेला. तो कसा गेला हे आधी लिहिते, कारण पुढच्या सगळ्या खटाटोपाचे मूळ त्यात आहे.

रेखाटन समोर ठेवून नुसत्या नजरेच्या अंदाजाने थेट जलरंगाच्या कागदावर चेहरा मोठा करून काढावा, असे मला वाटले. डावा डोळा तीन वेळा खोडला, जबड्याची कड पाच-सहा वेळा बदलली, आणि दोन तासांनी चेहरा बऱ्यापैकी जमल्यावर त्यावर यलो ऑकर या मातकट पिवळ्या रंगाचा पहिला फिकट हात दिला. जिथे खोडरबर चालला होता, तिथे रंग एकदम आत शोषला गेला आणि गडद, खरखरीत डाग उठले, तर शेजारचा न खोडलेला भाग मात्र स्वच्छ राहिला. कारण सरळ आहे. जलरंगाच्या कागदाला बनवतानाच जिलेटिनची किंवा तशाच एखाद्या पदार्थाची खळ दिलेली असते, आणि त्या खळीमुळे रंगाचे पाणी लगेच तंतूंमध्ये न मुरता काही काळ वर राहते, म्हणूनच रंग सारखा पसरवता येतो. खोडरबर जोराने घासला की ती खळ आणि वरचे तंतू सुटतात, आणि ही इजा कोरड्या कागदावर दिसत नाही, पाणी लागल्यावरच दिसते. डोळ्याच्या जागी उठलेला तो डाग कोणत्याही उपायाने जाणार नव्हता.

म्हणजे जितके खोडायचे, बदलायचे आणि चुकायचे आहे तितके दुसऱ्या कोणत्या तरी कागदावर उरकून घ्यायला हवे, आणि जलरंगाच्या कागदावर तयार रेघच उतरायला हवी. वेळ गेला तीन तास. या तावाची मागची बाजू शाबूत आहे, ती चाचण्यांसाठी ठेवली.

९ जानेवारी

आजचे काम फक्त आकार वाढवण्याचे होते. ए-४ वरून ए-३ वर जायचे तर लांबी आणि रुंदी १४१ टक्के करावी लागते, आणि ए-३ चा ४२ × २९.७ सेंटीमीटरचा आकार अर्ध्या तावावर पुरेसा समास सोडून बसतो. चौकटी आखून हाताने मोठे करण्याचा मार्ग होता, पण त्यासाठी मूळ रेखाटनावर चौकटी आखाव्या लागतात, म्हणून मी फोटोकॉपीचा मार्ग घेतला.

कॉपी काढताना रेखाटनाच्या दोन कडांना दोन लहान पट्ट्या ठेवल्या होत्या, एक उभी आणि एक आडवी, आणि त्यामुळेच चूक हाती लागली. १० सेंटीमीटरचे अंतर कॉपीवर दोन्ही दिशांना १४.१ सेंटीमीटर यायला हवे होते. उभ्या दिशेला ते बरोबर आले, पण आडव्या दिशेला १३.९ च भरले. कागदावरच्या हिशोबात हा फरक क्षुल्लक वाटतो, पण चेहऱ्याच्या रुंदीवर त्याचे जवळपास तीन मिलिमीटर होतात आणि बाबांचा रुंद जबडा अरुंद दिसू लागतो. दुसऱ्या यंत्रावर पुन्हा कॉपी काढली, तिथे दोन्ही मापे जुळली. पट्ट्या ठेवल्या नसत्या, तर चित्र पूर्ण झाल्यावर ते बाबांसारखे का दिसत नाही याचा शोध मी भलत्याच ठिकाणी घेत बसले असते.

कॉपीत दाढीची बारीक छटा जवळजवळ उडून गेली आहे. त्याने अडणार नाही, कारण छटा उतरवायचीच नाही, आणि बारीक जागांसाठी मूळ रेखाटन समोर असणारच आहे.

११ जानेवारी

दुसरा अर्धा ताव वाया गेला, आणि या वेळी कारण निव्वळ उतावीळपणा होते.

घरात पावत्या लिहिण्यासाठी वापरतात तो काळा कार्बन पेपर होता. कॉपीखाली तो ठेवून मी चेहऱ्याची सगळी बाह्यरेषा तासाभरात गिरवून टाकली. रेघ फार सुंदर उमटली, अखंड आणि ठसठशीत, आणि तोच तिचा दोष ठरला. अशा कार्बन पेपरवरची शाई मेणात किंवा तेलात कालवलेली असते, त्यामुळे ती खोडरबरने पुसली जात नाही, नुसती फरफटते, आणि तिच्यावरून पाणी घातले की रंग रेघेवर न बसता दोन्ही बाजूंना सरकतो. गालाच्या कडेला मी एक हलका हात देऊन पाहिला, तर काळ्या रेघेच्या दोन्ही अंगांना एक पांढुरकी फट राहिली. शिवाय मनगटाखाली कार्बन दाबला गेल्यामुळे कपाळावर, जिथे मला कागदाचा पांढरा रंग राखायचा होता, तिथे करड्या रंगाचा एक धूसर पट्टा पडला होता.

एक तुकडा आधी तपासून पाहिला असता तर पाच मिनिटांत हे सगळे कळले असते. पहिल्या तावाची मागची बाजू त्याच कामासाठी ठेवली होती आणि ती टेबलावर समोरच पडून होती.

१२ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस चाचण्यांना दिला. पहिल्या तावाच्या मागच्या बाजूवर पेन्सिलने सहा खाने आखले आणि प्रत्येक खान्यात एकच आकृती, म्हणजे बाबांचा मिटलेला उजवा डोळा आणि भुवई, वेगवेगळ्या रीतीने उतरवली. नंतर प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर खोडरबर चालवला आणि सगळ्यांवरून एकच फिकट रंग फिरवला.

पहिल्या खान्यातली रीत सर्वात सोपी होती. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने डोळा काढायचा, पेपर उलटा करायचा आणि मागून घासायचे. रेघ उतरली, पण आकृती उलटी आली, उजव्या डोळ्याचा डावा झाला. हे मला ठाऊक असूनही घाईत ध्यानात राहिले नाही. ही रीत वापरायचीच असेल तर आधी ट्रेसिंगच्या मागच्या बाजूने रेघा पुन्हा काढाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी गिरवताना रेघ मूळ जागेपासून थोडी सरकते.

दुसऱ्या खान्यात ट्रेसिंगच्या पाठीला ६बी, म्हणजे २बीहूनही मऊ, पेन्सिल घासून वरून गिरवले. आकृती सुलटी उमटली, पण मऊ ग्राफाइटची, म्हणजे पेन्सिलच्या शिशाची, सुटी पूड हाताच्या साध्या दाबानेही खाली उतरली आणि सगळ्या खान्यावर करडा थर बसला. तिसऱ्या खान्यात ६बी ऐवजी २बी घासली. थर कमी आला, पण रेघ उमटवण्यासाठी इतका जोर लावावा लागला की कागदावर खाच पडली.

चौथ्या खान्यासाठी मी वेगळा ग्राफाइट कागद तयार केला. ट्रेसिंग पेपरच्या स्वतंत्र तुकड्यावर ६बी पेन्सिल आडवी धरून आधी उभी आणि मग आडवी घासली, मग कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब घेऊन ती पूड गोल गोल फिरवत सगळीकडे सारखी पसरवली. खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना हे काम करावे. अल्कोहोल उडून गेल्यावर पूड ट्रेसिंगवर बरीच घट्ट बसते. मग कोरड्या फडक्याने सुटी पूड पुसून काढली आणि हीच क्रिया पुन्हा एकदा केली. या कागदाने उमटलेली रेघ बारीक, मऊ आणि पुसता येण्याजोगी होती, आणि हाताच्या दाबाने आलेला करडेपणा इतका कमी होता की मळत्या खोडरबरचा, म्हणजे कणकेसारखा मळता येणाऱ्या मऊ रबराचा, गोळा नुसता टेकवून उचलला तरी तो निघून गेला.

पाचव्या खान्यात पाण्यात विरघळणारी बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, रंगाची पेन्सिल ट्रेसिंगच्या पाठीला घासली. तिची रेघ रंगाचा हात फिरताच जवळजवळ पूर्ण विरघळून गेली आणि त्वचेच्या रंगात मिसळली. जिथे शेवटी रेघ अजिबात दिसायला नको, अशा उजेडातल्या जागांसाठी ही रीत मला फार आवडली, पण तिच्यात एक धोका आहे. पहिल्याच हाताला रेघ जाते, आणि मग दुसऱ्या हाताच्या वेळी कड कुठे होती हे सांगणारे काहीच उरत नाही.

सहाव्या खान्यात टाचणीने ट्रेसिंगवर भोके पाडून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटली. ही रीत फार जुनी आहे. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या, लिओनार्दो दा विंची यांनी काढलेल्या, इटलीतल्या उमराव घराण्यातल्या इझाबेला देस्ते यांच्या रेखाटनात बाह्यरेषेवर अशी टोचलेली भोके आजही दिसतात. भिंतीवरच्या मोठ्या आकृतीला ती चांगली असेल, पण माझ्या कागदाच्या खडबडीत पोतावर दोन-दोन मिलिमीटरवरचे कोळशाचे ठिपके पापणीच्या कडेला एकमेकांत मिसळून गेले, आणि डोळ्याच्या जागी एक राखाडी पुंजका तेवढा उरला.

निर्णय असा झाला की बहुतेक चेहरा चौथ्या रीतीने उतरवायचा आणि कपाळ व उजेडाकडचा गाल पाचव्या रीतीने.

१४ जानेवारी

लाइट बॉक्सचा, म्हणजे कागदाला खालून उजेड देणाऱ्या पेटीचा, विचार सोडण्याआधी तोही करून पाहिला, कारण त्यात मधला कागदच लागत नाही. पूर्ण अंधारात, खालच्या कॉपीवरच्या रेघा काळ्या शाईने जाड करून घेतल्यावर, ३०० जीएसएम कागदातून जबडा, कान आणि नाकाची कड दिसली, मात्र पापण्या आणि ओठांची फट दिसली नाही. पातळ कागदावर काम करणाऱ्यांनी हीच रीत घ्यावी असे मी म्हणेन, कारण तिच्यात कागदावर दाब जवळजवळ येत नाही. माझी दुसरी अडचण अशी होती की मला कागद भिजवून फळीवर ताणायचा आहे, आणि एकदा तो फळीवर चिकटला की खालून उजेड देता येत नाही. आधी उतरवून नंतर भिजवता येते, पेन्सिलची रेघ पाण्याने जात नाही, पण विरघळणारी पेन्सिल जाते.

१७ जानेवारी

आज मुख्य ट्रेसिंग केले. या कामाला चार तास लागले आणि सगळ्या कामात माझे मन इथेच सर्वात जास्त रमले.

मोठ्या कॉपीवर ट्रेसिंग पेपर चारही कोपऱ्यांना चिकटवला आणि एचबी पेन्सिलने रेघा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अर्ध्या तासात लक्षात आले की मी रेखाटनातले सगळेच्या सगळे उचलते आहे. गालावरच्या तिरप्या छटारेघा, दाढीचे केस, कपाळावरच्या सुरकुत्यांची प्रत्येक आठी, असे सर्व त्या पारदर्शक कागदावर येऊ लागले होते. रेखाटनात या रेघांना अर्थ होता, कारण तिथे उजेड-अंधार दाखवण्याचे काम त्यांनाच करायचे होते, पण जलरंगात ते काम रंगाच्या हातांनी होणार आहे. तिथे रेघेने एवढेच सांगायला हवे की हा रंग कुठे थांबतो आणि कोणती जागा कोरडी राखायची आहे. तो ट्रेसिंग पेपर बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

दुसऱ्या वेळी प्रत्येक रेघ घेण्याआधी स्वतःला विचारत गेले की इथे कुंचला थांबणार आहे का. नाकाच्या उजेडाकडच्या बाजूला तो थांबणार नव्हता, गालातून नाकात रंग तसाच जाणार होता, म्हणून तिथे रेघच घेतली नाही. सावलीतल्या जबड्याची कड मानेत मिसळते, तिथेही रेघ तोडली. उलट नाकावरच्या चष्म्याच्या खळग्यांभोवती, खालच्या ओठावरच्या ओल्या चकाकीभोवती आणि भुवईतल्या तीन पांढऱ्या केसांभोवती मूळ रेखाटनात रेघ नव्हती, पण इथे ती काढावी लागली, कारण तिथे कागद कोरा राखायचा आहे. सावलीची कडा जिथे स्पष्ट आहे तिथे सलग रेघ आणि जिथे ती हळूहळू विरते तिथे तुटक रेघ, अशी खूणही ठरवून घेतली. दाढीसाठी फक्त तिच्या क्षेत्राची सीमा घेतली.

सर्व झाल्यावर ट्रेसिंग मूळ कॉपीवरून उचलून कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवले आणि दुरून पाहिले. इतक्या थोड्या रेघांत बाबा ओळखू आले. डाव्या डोळ्याची बाहेरची कड तेवढी खाली गेली होती, ती ट्रेसिंगवरच खोडून सुधारली, आणि तसे करताना जलरंगाच्या कागदाला काहीही होणार नाही, याचे मोठे समाधान वाटले.

२० जानेवारी

तिसरा अर्धा ताव. काल संध्याकाळी तो पाण्यात भिजवून फळीवर डिंकाच्या कागदी पट्टीने चारही बाजूंनी ताणला होता. सकाळी वरून हात फिरवला तर कोरडा वाटला, म्हणून ग्राफाइट कागद ठेवून गिरवायला बसले. या दिवशी दोन चुका झाल्या.

पहिली चूक म्हणजे ट्रेसिंग वरच्या कडेला चिकटपट्टीच्या दोन लहान तुकड्यांनीच अडकवले होते. डोळ्यांपर्यंतचे काम झाल्यावर रेघ नीट उमटते आहे का, हे पाहण्यासाठी मी ट्रेसिंग उचलले आणि पुन्हा खाली टेकवले. त्या वेळी उजवा तुकडा किंचित सुटून परत चिकटला असावा, कारण नाकापासून खालचा सगळा चेहरा दीड मिलिमीटर डावीकडे उतरला. मला ते जाणवलेही नाही. दुपारी आई सहज येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, यांचं तोंड वाकडं का दिसतंय?" मग ट्रेसिंग पुन्हा वर ठेवून पाहिले, तेव्हा वरचा अर्धा जुळला की खालचा सुटत होता आणि खालचा जुळवला की वरचा.

दुसरी चूक अधिक शिकवणारी होती. ताव तसाही गेलाच आहे, तर रंग कसा बसतो ते पाहावे म्हणून गालावर आणि हनुवटीवर रंगाचा हात दिला. गिरवलेल्या प्रत्येक रेघेत रंग साचला आणि सुकल्यावर तिथे चाकूने कापल्यासारख्या गडद रेषा राहिल्या. मी रिकाम्या बॉलपेनने, चाचण्यांच्या वेळी जितका दाब दिला होता तितकाच दाब देऊन गिरवले होते, पण चाचण्यांचा कागद पूर्ण कोरडा होता आणि हा आतून ओला होता. वरून कोरडा वाटणारा ताणलेला कागद पोटात बराच वेळ ओल धरून ठेवतो आणि तेव्हा त्याचा पृष्ठभाग फार मऊ असतो. पंजाची मागची बाजू टेकवून पाहावी, कागद गार लागला तर तो अजून ओला आहे. ही परीक्षा मी सकाळी केली असती, तर गारवा नक्की जाणवला असता.

गेलेला वेळ: ताणण्यासह पाच तास. उरलेला कागद: एक अर्धा ताव.

२१ जानेवारी

आज फक्त ताव भिजवला आणि ताणला, दुसरे काही केले नाही. भिजवताना या वेळी पाण्यात कमी वेळ ठेवला, कारण फार वेळ भिजला तर वरची खळही काही प्रमाणात धुपते.

२३ जानेवारी

पूर्ण दोन रात्री सुकू दिल्यानंतर चौथा ताव हाताला गार लागत नव्हता.

या वेळची मांडणी सविस्तर लिहिते. ट्रेसिंगच्या वरच्या कडेची पूर्ण लांबी एकाच सलग चिकटपट्टीने बिजागरीसारखी जोडली, आणि ती पट्टी चित्राच्या कागदावर न चिकटवता फळीवरच्या डिंकाच्या पट्टीवर आणि फळीच्या लाकडावर चिकटवली, म्हणजे काढताना कागदाचा पापुद्रा निघण्याची भीती नाही. खालच्या दोन कोपऱ्यांत ट्रेसिंगवर बारीक अधिक चिन्हे काढली आणि तशीच चिन्हे समासात कागदावर उमटवून घेतली. ट्रेसिंग कितीही वेळा उचलले तरी खाली टेकवताना ती चिन्हे एकमेकांवर आली की चेहराही जागेवर आला असे समजावे. ग्राफाइट कागद बिजागरीखालून आत सरकवता येतो, म्हणून एकाच मोठ्या तुकड्याऐवजी तळहाताएवढाच तुकडा घेतला आणि जिथे गिरवायचे तिथेच तो ठेवत गेले. त्यामुळे बाकीच्या कागदावर पूड पडण्याचा प्रश्नच उरला नाही.

रिकाम्या बॉलपेनऐवजी लाल शाईचे चालू बॉलपेन वापरले. कोणती रेघ गिरवून झाली आणि कोणती राहिली हे लाल रंगामुळे चटकन दिसते, आणि शिवाय शाई वाहत असल्यामुळे हात आपोआप हलका राहतो. रिकाम्या पेनाने नकळत दाब वाढतो, कारण आपण रेघ दिसण्याची वाट पाहत असतो. सुरुवातीला फक्त भुवईची एक रेघ गिरवून, ट्रेसिंग उचलून, कडेने उजेड टाकून कागद तपासला. रेघ फिकट होती आणि खाच नव्हती. मग वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली उजवीकडे सरकत गेले, हाताखाली स्वच्छ कागद ठेवून, म्हणजे तळहाताचे तेल चित्राच्या कागदाला लागू नये. कपाळ आणि उजेडाकडचा गाल आला तेव्हा ग्राफाइटचा तुकडा काढून विरघळणाऱ्या पेन्सिलचा तुकडा आत घातला.

दोन तास वीस मिनिटे लागली. शेवटी ट्रेसिंग बिजागरीवरून न सोडता वर उलटवून पाहिले, तर कानाच्या पाळीची एक रेघ राहिली होती. बिजागरी शाबूत असल्यामुळे ती लगेच जागच्या जागी घेता आली.

त्यानंतर मळत्या खोडरबरची गोळी करून ती ग्राफाइटच्या सगळ्या रेघांवरून लाटण्यासारखी फिरवली, घासली मुळीच नाही. हात लांब करून फळी धरल्यावर रेघा जेमतेम दिसतील इतक्या फिकट केल्या. उतरवलेली रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असते, तिच्यात हाताची चाल नसते, आणि त्यामुळे चेहरा थोडा निर्जीव दिसतो. म्हणून मूळ रेखाटन शेजारी ठेवून, टोकदार एचबी पेन्सिलने वरची पापणी, नाकपुडी आणि ओठांची फट या तीनच जागा अगदी हलक्या हाताने पुन्हा काढल्या. ओठाचा कोपरा मूळ रेखाटनात किती सैल होता ते ट्रेसिंगमध्ये दोन वेळा गिरवताना घट्ट झाले होते, ते इथे परत मिळाले.

२६ जानेवारी

रंगाचे पहिले दोन हात झाले. कपाळ आणि गालावरची विरघळणारी रेघ ठरल्याप्रमाणे नाहीशी झाली, आणि त्या जागा इतक्या स्वच्छ उमटल्या की मला अतिशय आनंद झाला. दुसऱ्या हाताच्या वेळी गालाची कड कळेना, तेव्हा बिजागरीवरचे ट्रेसिंग खाली आणून पाहता आले. रंगवायला सुरुवात झाली की ट्रेसिंग काढून टाकायचे, असे मी आधी ठरवले होते. ते न काढता फळीच्या मागे उलटवून ठेवले, हे बरे झाले. मात्र कागद पूर्ण सुकल्याशिवाय ते खाली आणू नये, ट्रेसिंग पेपर ओल लागताच फुगतो आणि त्यावर सुरकुत्या येतात.

एक गोष्ट बिघडली. मानेच्या उजेडातल्या भागावर फिकट पिवळा हात दिला आणि तिथली ग्राफाइटची रेघ पुसायला मी विसरले होते. पिवळ्याखाली ती हिरवट-करडी दिसू लागली, आणि रंग सुकल्यावर खोडून पाहिली तर निघेना, कारण जलरंगातल्या डिंकाने ती कागदावर धरून ठेवली होती. उजेडाच्या जागांतली रेघ रंग लागण्याआधीच पुसायची असते, नंतर वेळ निघून गेलेली असते. सावलीतल्या रेघा मात्र तशाच राहू दिल्या आहेत, गडद रंगाखाली त्या नाहीशा होतात, आणि जिथे थोड्या दिसतात तिथे दाढीला शोभतात.

३१ जानेवारी

चित्र पूर्ण झाले. एकूण दोन पूर्ण ताव लागले आणि त्यांतला अर्धाच ताव कामी आला. ट्रेसिंग पेपर चार लागले, ग्राफाइट कागद एकदाच बनवावा लागला आणि तो अजून बऱ्याच कामांना पुरेल इतका शाबूत आहे. वाया गेलेल्या तीन तावांवर मिळून नऊ तास गेले, चाचण्यांवर एक दिवस गेला, आणि प्रत्यक्ष उतरवायला लागले ते दोन तास वीस मिनिटे.

मूळ रेखाटन जसे होते तसेच आहे, त्यावर एकही खूण नाही. लाल रेघांचे ट्रेसिंग बिजागरीवरून सोडवून दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवले आहे, गुंडाळी करून ठेवले तर ते पुढच्या वेळी कागदावर सपाट बसत नाही. कोपऱ्यांतली चिन्हे त्यावर आहेत, तेव्हा याच चेहऱ्याचे दुसरे चित्र करायचे झाले तर ताव ताणण्यापासून सुरुवात करता येईल.

बाबांनी चित्र पाहिले आणि नाकावरच्या खळग्यांवर बोट ठेवून, चष्मा इतका जड आहे का, असे विचारले. मानेवरची ती हिरवट रेघ अजून दिसते. ओल्या कुंचल्याने हळूच उचलून पाहिली, थोडी फिकी झाली, पूर्ण गेली नाही. आणखी घासले तर तिथली खळ जाईल, म्हणून ती आता तशीच राहू देते आहे.